हळदीवर ठेवलेला ठपका

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. वडिलांच्या संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालायला मी वाचायला लागायच्या आधी शिकलो. त्यामुळे दोन हजार दहाच्या सुमारास भरे गावाजवळच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळायला लागलो, तेव्हा अन्याय कुठे आहे हे मला बरोबर दिसतं, असा माझा समज होता.

तिथे पॅकिंगला एक कंत्राटी बाई होत्या. भरे गावातल्याच, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झालेल्या. लिपिकाच्या सरकारी भरतीचा अर्ज त्यांना ऑनलाइन भरायचा होता. वयाची अट पाहता ही शेवटची संधी, आणि मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. त्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या पिरंगुटच्या सायबर कॅफेत निघाल्या होत्या. मीच अडवलं.

"ऑफिसचं नेट फक्त साहेब लोकांसाठी नाही. इथंच भरा, माझ्या टेबलावर."

दुपारी दोनला बसलो. अर्जाची साइट उघडेना. शेजारच्या संगणकावरही नाही. हिंजवडीतल्या मित्राला फोन केला, त्याच्याकडे उघडत होती. म्हणजे दोष आमच्याकडे.

सगळ्या संगणकांच्या तारा ज्या डब्यात येतात, त्या स्विचचं कपाट उघडलं. खंडेनवमीला यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली होती. हळदीकुंकवाने माखलेला, फटींत अक्षता, वर झेंडू. माझं डोकंच फिरलं. बाकीच्या साइट व्यवस्थित उघडत होत्या, आणि स्विच बिघडला असता तर एकही उघडली नसती. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला दोष तिथेच हवा होता. सगळ्या ऑफिसचं नेट बंद करून मी स्विच खोलला आणि अंधश्रद्धेवर बोलत बोलत पुसायला बसलो.

"काय कॉम्रेड," अकाउंट्समधले काका म्हणाले, "आज नेटला पण संपावर नेलं का?"

"सर, व्हतंय का?" बाईंनी विचारलं. "न्हाईतर मी जाते पिरंगुटाला. चारची एसटी हाय."

"दहा मिनिटं थांबा."

साडेचारला स्विच परत लावला. सगळं उघडलं, ती साइट सोडून. तेव्हा कुठे मी बंद ठेवायच्या साइटची यादी उघडली. एचआरच्या साहेबांनी ती सणाच्या आधी पाठवली होती. लोक कामाच्या वेळेत नोकऱ्या शोधतात, म्हणून भरतीच्या साइट बंद करा. पण तशी सूचना दिसू देऊ नका, नेट खराब आहे असंच वाटलं पाहिजे. मी भडकलो होतो, जेवताना दोघातिघांना भाषणही ऐकवलं होतं, आणि मग यादी न वाचता नेटच्या सेटिंगमध्ये जशीच्या तशी टाकली होती. पत्रकातली छपाईची एक चूक न सोडणारा मी. सातवं नाव त्या साइटचं होतं.

ते काढलं. अर्ज उघडला तेव्हा पाचला दहा कमी. फोटो चढवताना पान अडकलं. पुन्हा उघडलं तर मुदत संपल्याची एक ओळ.

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "कशानं झालं वो सर?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांची नजर टेबलावरच्या पिवळ्या फडक्यावर गेली.

"हळद मीच लावली व्हती त्याला. पानी जरा जास्तच शिपडलं."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. यादी साहेबांची, हात माझा. पण ते वाक्य साहेबांपर्यंत पोचलं असतं, आणि मला अजून नोकरीत कायम व्हायचं होतं.

"असू द्या," मी म्हणालो.

त्यांनी कागदपत्रांची पिशवी उचलली. "तुमी तरी किती खटपट केली," एवढं म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या साइटचं नाव यादीत परत टाकलं. साहेबांनी विचारायच्या आधीच.