तिसरी पायरी

"मॅडम, वर्ग असा गप कामून हाय? शिकवायलाव का न्हाई?" हेडमास्तर दारातूनच म्हणाले. तपासणीला आलेले साहेब व्हरांड्यात उभे होते.

दहावीची मुलं खाली मान घालून लिहीत होती. बीदरजवळच्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत हे नवलच. इथं शिकवणं म्हणजे मास्तरांनी ओळ म्हणायची आणि पोरांनी कौलं उडतील अशी ओरडायची.

मी इंग्रजी वेगळ्या रीतीनं शिकवत होते. परिच्छेद लिहायचा तर आधी मी फळ्यावर लिहिते, प्रत्येक वाक्य का लिहिलं ते बोलून दाखवते. मग सगळे मिळून दुसरा रचतो. तिसऱ्या पायरीला ज्यानं त्यानं एकट्यानं लिहायचं. ही पायरी फार वेळ खाते. बाहेरून बघणाऱ्याला तर मॅडम नुसत्या फिरताहेत असंच वाटतं.

नौबादची सविता या पायरीवर रडकुंडीला यायची. बाकी विषयांत ती पास होणार हे नक्की होतं, इंग्रजीचंच अवघड होतं. नापास झाली तर मावशीबरोबर जवळच्याच कोळार औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पॅकिंगला जायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. त्या दिवशी मात्र तिनं हुमनाबादच्या प्रवासावर स्वतःची वाक्यं लिहिली. बस थांबली, भाऊ झोपला होता, आई चहा प्यायली. स्पेलिंग चुकलेली होती, पण वाक्यं तिची होती. मला फार बरं वाटलं.

साहेब गेल्यावर हेडमास्तरांनी हुकूम काढला. आता नवीन काही नको, गाईडमधले परिच्छेद पाठ करून घ्या. मी विरोध केला. मग माझे तास त्यांनी स्वतःच घेतले. "आमच्या गावची जत्रा" हा परिच्छेद रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागला.

परीक्षेत प्रवास आला. सविता नापास झाली.

मी तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, "मॅडम, तिला समदं पाठ व्हतं. झोपंत सुदिक म्हनायची."

मी सविताला विचारलं, प्रवासावर काय लिहिलंस? जत्रेचंच लिहिलं म्हणाली, एकही चूक न करता.

"अगं, पण प्रवासाचं तर तुला येत होतं."

"येत व्हतं मॅडम. पण सर म्हनले व्हते, पाठ केलेलं सोडून मनाचं काई लिवायचं न्हाई."

मला तिथं बसवेना. पुरवणी परीक्षेचं मी वडिलांना परोपरीनं सांगितलं. ते मान हलवत राहिले, आणि पुढच्या सोमवारी ती मावशीबरोबर कामावर गेली.

हेडमास्तर म्हणतात, पोरगीच कच्ची होती. मी आता वाद घालत नाही. कुठलीही पद्धत अर्ध्यावर सोडली, की तिचा भुर्दंड शिकवणाऱ्याला पडत नाही, एवढं मला कळलंय.