मल्लेशमकाकांच्या डिझाइनांचा पत्ता

तीन माणसांच्या ऑफिसात किस्से साचावेत तरी किती! सात रस्ता चौकाजवळ आम्ही बसतो: जयश्रीमॅडम, इरण्णा आणि मी. आमचं सॉफ्टवेअर टॉवेल-चादरींची डिझाइनं मागापर्यंत पोहोचवतं. चहाला कुणी आलं, की मॅडमचा एखादा किस्सा निघतो आणि चहा गार होतो.

बरेचसे किस्से एकाच कामातले. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मल्लेशमकाका डिझायनर. त्यांची आयुष्यभराची डिझाइनं विंडोजच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर होती, आणि तो कधी राम म्हणेल याचा नेम नव्हता. सगळं नव्या लिनक्स मशीनवर न्यायचं होतं. कुणीतरी आधी नुसतं कॉपी करून पाहिलं, तर फुलं आली आणि काठ गायब! प्रत्येक डिझाइनमध्ये त्याच्या काठाच्या फाईलचा पूर्ण पत्ता लिहिलेला, थेट डी ड्राइव्हपासून. लिनक्सला डी ड्राइव्ह माहीतच नाही.

"गेलं की ओ समदं," काका म्हणाले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

*

कारखान्याचे मॅनेजर पेनड्राइव्ह घेऊन आले. "सगळी डिझाइनं आणलीत!"

उघडून बघतो तर डेस्कटॉपवरचे नुसते शॉर्टकट! मी हसू दाबत होतो. मॅडम मात्र अगदी अदबीने म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पाहुण्यांचे पत्ते आणलेत. आता पाहुणेही आणा!"

*

इरण्णा अक्कलकोटचा, हुशार आणि हट्टी. त्याने पूर्ण पत्ते काढून टाकले आणि 'इथून शेजारच्या फोल्डरमध्ये' असे छोटे पत्ते घातले. त्याच्याकडे मस्त चाललं, माझ्याकडे एकही काठ सापडेना.

"कोड बरोबर हाय!" इरण्णा ऐकायला तयार नाही.

मॅडम बाहेर पडल्या. थोड्या वेळाने त्यांचा फोन. "इरण्णा, आपली चहाची टपरी कुठे रे?"

"हितनं दोन दुकानं सोडून की, मॅडम!"

"मी स्टेशनसमोर आहे. इथून दोन दुकानं सोडून औषधाचं दुकान आहे. चहा देतील का?"

इरण्णाने लगेच कोड उघडला. त्याचा प्रोग्रॅम आपण जिथून सुरू करू तिथून मोजत होता. मोजायचं होतं डिझाइनच्या फाईलपासून. अशी शिकवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

*

विंडोजच्या पत्त्यातली तिरकी रेघ एका बाजूला कलते, लिनक्सची दुसऱ्या. मी जुन्या सवयीने विंडोजची रेघ मारून लिनक्सवर गुलाबाचं डिझाइन सेव्ह केलं. मग गुलाबाचा फोल्डरच दिसेना! मी आणि इरण्णा सकाळभर शोधतोय.

मॅडमनी एकदाच स्क्रीनकडे पाहिलं. "फोल्डर झालाच नाही. ही एकच फाईल आहे, आणि तिने अख्खा पत्ता स्वतःचं नाव म्हणून लावलाय!"

तेव्हापासून रेघ हाताने मारायची नाही, पत्ता प्रोग्रॅमनेच जोडायचा, असा आमच्याकडे नियम आहे.

*

कोड कुठूनही चालतो का हे बघायला दर शनिवारी मॅडम अख्खा प्रोजेक्ट उचलून भलतीकडेच ठेवत. कधी पेनड्राइव्हवर, कधी स्वतःच्या मॅकवर. फोल्डरचं नाव मुद्दाम मराठीत आणि शब्दांमध्ये जागा सोडून: 'जत्रेत हरवलेलं पोरगं'. ज्याचा कोड अडेल, त्याने सोमवारी सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची.

शेवटी इरण्णाच्या आईचाच फोन आला. "मॅडम, पोराला जरा नीट शिकवा की! भाकऱ्या थापून हात दुकाय लागले!"

त्यानंतर त्याचा कोड कधी अडला नाही.

*

आणि मग तो दिवस आला. कारखान्यात काका सकाळपासून चहालाही शिवले नव्हते. मॅडमनी डिझाइनं नव्या मशीनवर घातली आणि खुर्ची सोडली. "काका, तुम्हीच उघडा."

काकांचा हात माऊसवर जाईना. मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. शेवटी काकांनी त्यांचं सगळ्यात जुनं, मोराचं डिझाइन उघडलं. मोर आला. मोराखाली काठही आला! मग कमळ, मग वेलबुट्टी, एकामागून एक, सगळी काठासकट.

माग सुरू झाला. टॉवेल हातभर विणून झाल्यावर काकांनी त्याच्या काठावरून अंगठा फिरवला आणि मॅडमकडे वळले.

"घर बदललं की ओ मॅडम," ते म्हणाले, "पर माणसं समदी आली!"