दुपारी गप्प झालेला रेडिओ

जुन्या रेडिओत तापलेल्या धुळीचा वास आला की मला मालवणातली अठ्ठावन्न सालची एक लख्ख दुपार आठवते. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि नवरा मालवाहू बोटीवर होता. शेजारच्या मास्तरांच्या ओटीवर बॅटरीचा रेडिओ चालू होता; मी आणि सासूबाई तिथेच ऐकत बसलो होतो. अरबी समुद्रात एक बोट संकटात आहे, एवढं सांगून बातम्यांचा आवाज बुडाला. थोडा वेळ खरखर झाली, मग तीही थांबली. "बिघाडलो?" सासूबाई ताडकन उठल्या. मास्तर म्हणाले, "रेडिओ बरो आसा, काकी. सूर्यार मोठो स्फोट झालो काय असाच होता." "सूर्याचा माका काय सांगतस? माझो झील खंय आसा ता सांग!" मुलाच्या काळजीने त्या ओरडल्या. मी सारखी किनाऱ्यावरच्या पुळणीवर जात होते, परत येत होते. समुद्र शांत होता, त्याचाच राग येत होता. संध्याकाळी रेडिओवर बोटीचं नाव कळलं. ती दुसरीच होती. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि तिथेच रडायला लागल्या, "त्या बोटीरय कोणाचे तरी झील आसतीतच मां." परवा टीव्हीवर तशाच एका स्फोटात सूर्यावरच्या चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना आणि धगधगता वायू दूर भिरकावताना दाखवल्या. "किती सुंदर!" नात म्हणाली. मला मात्र एका जागी बसवेना. त्या दुसऱ्या बोटीचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.