कानस मारलेली पट्टी

राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात माझं आणि दुकानदाराचं एकदा चांगलंच वाजलं होतं. कारण म्हणाल तर वीतभरही नसलेली एक हिरवी पट्टी. असली भांडणं मी पुष्कळ केली आहेत आणि विसरूनही गेले आहे, कारण माझा राग दुधासारखा, उतू जातो आणि खाली बसतो. हे एक तेवढं विसरले नाही, ते आबांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, टर्नर होते. गुऱ्हाळाच्या चरकाचा शाफ्ट, पंपाचा बुश, कुणाच्या जुन्या मोटरसायकलचा कुठंच न मिळणारा भाग, असं काहीबाही लोक रुमालात बांधून आणायचे. आबा तो मोडका नमुना हातात घेऊन फिरवायचे, माप घ्यायचे, आणि संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा तयार असायचा. बाजारात मिळत नाही, हे वाक्य उद्यमनगरात कुणी फारसं मनावर घेत नसे. आणि बसत नाही, हे तर आबांना ऐकूच यायचं नाही. न बसणारी वस्तू म्हणजे अजून कानस मारून पुरेशी न घासलेली वस्तू, असं त्यांचं सरळ होतं.

पुढं कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारा लेथ आला. काचेच्या दारामागं आपलं आपण काम करायचा. त्याच्यासोबत आयटीआयची नवी मुलं आली आणि आबांना लेथवरून काढून कोपऱ्यातल्या बाकावर फिटिंगला बसवलं. पगार तोच राहिला. घरी ते यावर चकार शब्द बोलले नाहीत. फक्त सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या, माझ्या कॉम्प्युटरकडं पाठ करून जेवायला बसायला लागले.

त्या कॉम्प्युटरवर मी लग्नपत्रिका करायचे. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. हाताखाली कुणी नाही, दुकान नाही, घरातच धंदा. काम बरं चालायचं, छापखानेवाले मला ओळखायला लागले होते, पण घरातला कर्ता माणूस माझ्या कामाकडं बघत नव्हता. काही विचारायचं झालंच तर आईला विचारायचे, "तिचं झालं का त्या डब्याचं?" मला ते फार लागायचं. आबांनी एकदा तरी शेजारी स्टूल ओढून बसावं आणि मी काय करते ते बघावं, एवढीच माझी इच्छा होती. पण तोंडानं म्हणायची सोय नव्हती. आमच्या घरात असलं काही तोंडानं म्हणायची रीत नव्हती.

त्या वर्षी मुरगूडच्या एका घरची पत्रिका आली. चार पानी. गावातले, तालुक्यातले, जिल्ह्यातले झाडून सगळे पुढारी फोटोसकट, भावकी, मित्रमंडळ, आणि शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल. पहिल्या पानावरचे फोटो घालून होईपर्यंत माझा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला आणि किलबिलीपाशी येऊन बंदच पडला. त्याची रॅम कमी पडत होती. म्हणजे एका वेळी जेवढं ध्यानात ठेवायचं तेवढं त्याच्या डोक्यात मावत नव्हतं. रॅमची आणखी एक पट्टी आत बसवली की भागतं, असं कुणीतरी सांगितलं.

मी आतल्या भागांची नावं लिहिलेलं कॉम्प्युटरचं जुनं बिल घेऊन राजारामपुरीत गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, कंबरेला मोबाइल लटकवलेला. मी बिल पुढं केलं. त्यानं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

"ह्या मशीनला बसेल ना?" मी विचारलं.

"बसतंय की! न बसायला काय झालं? रॅम म्हणजे रॅम, ताई."

घरी येऊन डबा उघडला आणि पट्टी जागेवर धरली, तर ती काही केल्या आत जाईना. जिथं बसवायची त्या फटीत एक उंचवटा होता आणि पट्टीला जी खाच होती, ती नेमकी त्याच्या बाजूला पडत होती. मी दाबून बघितलं, उलटी करून बघितलं. जुन्या आणि नव्या रॅमची जातच वेगळी असते, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं. आबा जेवून हात पुसत होते. माझी खटपट बराच वेळ बघत असावेत.

"काय बसंना झालंय?"

मी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, ट्यूबलाइटखाली धरली, मग वाकून आतल्या फटीत बघितलं. लेथ सुटल्यापासून त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

"खाच हुकलीया. थांब जरा."

त्यांनी कॉटखालून आपली पत्र्याची पेटी ओढली आणि सुईसारखी बारीक कानस काढली. मग दारातल्या दिव्याखाली बसून त्या पट्टीला नवीन खाच पाडायला घेतली. हात चालत होता आणि ते बोलत होते. त्यांच्या मिस्त्रीनं पहिल्यांदा नुसती कानसच कशी मारायला लावली, हाताला फोड आले तरी सोडलं कसं नाही, त्यांची आई त्या वेळी कशी रडायची. माझ्याशी ते इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, संपू नये ही खाच.

खाच सुरेख झाली. फुंकर मारून त्यांनी पट्टी बसवली, ती बसलीही. मी कळ दाबली. पडदा काळा तो काळाच, आणि आतून पीं पीं असा आवाज. पट्टी काढल्यावर कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यासारखा सुरू झाला, एवढं नशीब. पट्टीच्या कडेला बारीक सोनेरी रेघा असतात. त्यांतल्या काही त्या नव्या खाचेत कापल्या गेल्या होत्या.

"त्ये लोखंड न्हाय," आबा म्हणाले आणि मोरीत जाऊन हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. न बसणारी वस्तू दिलीत, पैसे परत द्या, एवढंच म्हणायचं होतं. दुकानदारानं पट्टी हातात घेतली, खाच बघितली आणि त्याला हसूच आवरेना.

"ही कुठल्या लोहाराकडं नेलतीसा? अवो बघा हिकडं, रॅमला कानस मारलीया!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं बघून हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आवाज चढवला. "बसतंय असं तुम्हीच म्हणाला होता!"

"बसतंय म्हणलो. कापा म्हणलो न्हवतो."

पैसे परत द्या, मी पुन्हा म्हणाले. त्यानं मागच्या पाटीकडं बोट केलं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पाटीला बिचारीला काय, माल कुणी चुकीचा दिला हे तिला कुठं माहीत. मी ग्राहक मंचाचं नाव काढलं. "जावा की," तो म्हणाला. मी पट्टी उचलली आणि घरी आले.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात आईपुढं सगळं ओकले. दुकानदार 'कुठला लोहार' म्हणाला, सगळे कसे फिदीफिदी हसले, सगळं. बोलून वळले तर आबा मागच्या दारात उभे. कामावरून ते कधी आले ते मला कळलंच नव्हतं.

सकाळी ते कामावर गेले नाहीत. लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल. बिल घे."

दुकानात आता आरडाओरडा होणार असं मी धरून चालले. आबांचा आवाज उद्यमनगरातला, लेथच्या वर चढून बोलायची सवय असलेला. पण दुकानात ते हळू बोलले. पट्टी काउंटरवर ठेवली.

"ह्याला कानस मी मारलीया."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"टर्नर हाय मी. न्हाय बसलं तर बसवायचं, एवढंच शिकलोय. ह्यात माझं चुकलं, ते मी भरतो. पण पोरीनं तुमाला बिल दावलतं. त्ये बघितलंसा?"

"गर्दी हुती, मामा."

"आमच्यात गिऱ्हाईक नमुना घिऊन येतंय. नमुना न बघता माल दिला आणि बसला न्हाय, तर त्यो आमच्या गळ्यात. मागनं गिऱ्हाइकानं त्यावर हातोडा मारला म्हणून माझं चुकलेलं माप बरोबर हुतंय व्हय?"

दुकानदार खाली बघत होता. काल मला तो नुसता उद्धट वाटला होता. आज लक्षात आलं की दुकान नवं आहे, अर्धी फळी रिकामी आहे. "मामा, पुण्यास्नं माल धाडणारा माणूस ह्यो कापलेला माल परत घ्यायचा न्हाय," तो म्हणाला. "मी कुणाच्या गळ्यात मारू?"

"म्हणूनच म्हणतोय. सगळं तुमच्यावर टाकाय आलो न्हाय. निम्मं माझं, निम्मं तुमचं."

थोडी घासाघीस झाली, पण शेवटी निम्म्यावर मिटलं. या वेळी त्यानं बिल नीट वाचलं, आतून दुसरी पट्टी आणली आणि आमच्या वाट्याचे निम्मे पैसे घेतले. निघताना म्हणाला, "मामा, काल हसलो त्ये मनावर घिऊ नका."

"हसण्यासारखंच हाय त्ये," आबा म्हणाले.

ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला सहन झाला नाही. भांडण आम्ही जिंकलो होतो म्हणायला हरकत नव्हती, पण बाहेर येऊन मी रस्त्यातच रडले. आबा उसाचा रस घेऊ म्हणाले.

घरी आल्यावर मी नवी पट्टी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी दोन्ही हात मागं बांधले. "तूच बसव," म्हणाले आणि आत गेले. मुरगूडची पत्रिका किलबिलीसकट वेळेवर झाली. आबा पुन्हा कॉम्प्युटरकडं पाठ करून जेवू लागले. कापलेली पट्टी त्यांच्या पेटीत कानशींच्या शेजारी पडून राहिली. आई टाकून देते म्हणाली तर देईनात.

मी तेव्हा खूप विचार करायचे, की दुकानातून नेमकं काय परत मिळालं आणि काय तिथंच राहिलं. चुकीची वस्तू बदलून देता येते. पण एखादा माणूस आपल्या हातावरच्या विश्वासानं जवळ येतो आणि तो हात चारचौघांत हसण्यावारी जातो, त्याची भरपाई कुठल्या काउंटरवर मागायची? मी दुकानदारावर चिडायचे, कारखान्यावर चिडायचे आणि पत्रिका करत राहायचे.

काही वर्षं गेली. आबा निवृत्त झाले. मी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यालाही, सगळ्यांना पडते तशी, रॅम कमी पडायला लागली. त्याच दुकानात गेले. या वेळी जुनी पट्टीच काढून रुमालात बांधून नेली होती. दुकानदारानं रुमाल बघितला आणि म्हणाला, "मामा बरं हायत न्हवं?" मग नवी पट्टी जुनीच्या शेजारी ठेवून नीट जुळवून दिली.

म्हणजे जुळते आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी घरी आल्यावर मी दोन्ही घेऊन आबांच्या कॉटजवळ गेले. "आबा, नमुन्याशी जुळतंय का बघा जरा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चष्मा शोधला. दोन्ही पट्ट्या कडेला कड लावून खिडकीकडं धरल्या, खाचेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, उलटून दुसऱ्या बाजूनं फिरवलं. बराच वेळ लावला.

"जुळतंय."

मी हात पुढं केला. त्यांनी पट्टी दिली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सोप्यात आले. उघड्या डब्यावर वाकले.

"जोर लावायचा न्हाय न्हवं?"

"थोडाच. दोन्हीकडनं सारखा."

टक असा आवाज झाला आणि दोन्ही कडेच्या क्लिपा आपोआप वर आल्या. मी कळ दाबली. पडदा उजळला. आबांनी झाकण लावलं नाही, तसंच राहू दिलं. भिंतीकडचं स्टूल पायानं ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हं. आता दाव, दिवसभर काय करत असतीस त्ये."