बिनपूजेची गाडी

त्या प्रकरणाचा कागद मी स्वतःच्या सहीने बंद केला, पण ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही. तुम्ही दोघे फोनवर नेहमी विचारता, आजी, तुझी सगळ्यात अवघड केस कोणती? तुम्हाला खून किंवा दरोडा अपेक्षित असतो. ही एका बंद पडलेल्या गाडीची गोष्ट आहे.

निवृत्तीआधी मी अचलपूरकडच्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. दसऱ्यानंतर लगेचच, सकाळची हजेरी चालू असताना एक तरुण आठ-दहा माणसे घेऊन आला. तो पर्यटकांना सेमाडोहच्या जंगलात नेण्या-आणण्याचा धंदा करायचा. गाडी एकच. जंगलाचा हंगाम उघडण्यापूर्वी त्याने ती दुरुस्तीला टाकली होती. मेकॅनिकने इंजिन जाम करून ठेवले, त्याच्यावर गुन्हा नोंदवा आणि नवे इंजिन त्याच्याकडून घेऊन द्या, अशी त्याची तक्रार होती.

मेकॅनिकला बोलावले. पन्नाशीचा मुस्लिम गृहस्थ, वडिलांपासूनचे गॅरेज. त्याचे म्हणणे सरळ होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने इंजिनातले जुने ऑइल काढले. नवे सणानंतर भरणार होता; ऑइलशिवाय चालवले की इंजिन जाम होते. ऑइल नसलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला लाल फडके बांधायचे, म्हणजे कोणी ती चालू करत नाही, ही त्याच्या गॅरेजची पद्धत. तेही बांधले होते. सणाच्या दिवशी कोणी काम आणत नाही, म्हणून त्याने गाडी गॅरेजसमोर उभी ठेवून गॅरेज बंद केले आणि गाडीची किल्ली घरी नेली.

"मॅडम, बिना ऑइलची गाडी कोनी चालू केली, तेवढं पाहा," तो म्हणाला. "मी काहून करीन? माह्याच पोटावर मी लात मारीन का?"

ठाण्याबाहेर मात्र निकाल लागून गेला होता. आपल्या सणाला मुद्दाम केले, असे लोक बोलू लागले होते. गॅरेजपाशी दोन शिपाई बसवावे लागले.

खबर अशी मिळाली. गॅरेजसमोर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईने आमच्या हवालदाराला सहज सांगितले, की दसऱ्याला दुपारी एक म्हातारा पूजेचे ताट घेऊन तिथे आला होता. मी पंचनाम्याला गेले. पुढच्या चाकाखाली चिरडलेले लिंबू होते. लाल फडके मागच्या सीटवर नीट घडी करून ठेवलेले. गॅरेजमधले फडके कोणी घडी घालून ठेवत नाही.

परक्याच्या गाडीची पूजा कोणी करत नाही, म्हणून मी तक्रारदाराच्या वडिलांना बोलावले. चौकशीत आवाज चढवावा लागतो हा गैरसमज आहे. बहुतेक माणसे कोणी विचारण्याची वाटच पाहत असतात. त्यांना पाणी दिले आणि गाडीची पूजा कोणी केली, एवढेच विचारले.

"मीच केली, बाई," ते म्हणाले. "वर्षभर त्या गाडीवर आमचं घर चालते. दसऱ्याले बिनपूजेची कशी ठेवाची?"

दुसरी किल्ली घरात होती. ते कळकट फडके पूजेत बरे दिसेना, म्हणून त्यांनी सोडून ठेवले. गाडी चालू केली, आरती होईपर्यंत चालूच ठेवली. मग चाकाखालचे लिंबू चिरडायला ती जरा पुढे घेतली, तशी ती घरघर करून बंद पडली.

"पोराले सांगू नका, बाई. तो मले काई बोलनार नाही. फक्त जेवनार नाही."

मी जबाब लिहून घेतला आणि मुलाला आत बोलावून सांगितले. माझ्या दृष्टीने तपास संपला होता.  मुलगा वडिलांना घेऊन व्हरांड्यात गेला. खिडकीतून मला दोघे दिसत होते. मुलगा हात जोडून बोलत होता.

परत आल्यावर म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले नाही. "मी गेलोच नाही तिथं. वय झालं जी, काय बोलून गेलो ते मलेच समजलं नाही."

मेकॅनिक तिथेच बाकावर बसला होता. "बाबा," तो म्हणाला, "तुमच्याकडं ट्रॅक्टर होता तवापासून मी तुमचं काम करून राहिलो. माह्याकडं पाहून सांगा."

म्हातारा भिंतीकडे पाहत राहिला.

मी लिंबाचे विचारले, तर मुलगा म्हणाला, "दसऱ्याले कोनत्या रस्त्यावर लिंबू नसते, मॅडम?" संध्याकाळपर्यंत टपरीवाल्या बाईलाही काही दिसलेले नव्हते. पोलिसांपुढच्या जबाबावर सही नसते आणि कोर्टात तो पुरावा म्हणून टिकत नाही. उरला तो दिवाणी वाद, त्यात पोलिसांना अधिकार नाही. मी मेकॅनिकला सांगितले, गावातले लोक भरपाई कबूल करायला लावतील, तशा कोणत्याही समझोत्यावर सही करू नका; त्या बापलेकांना ग्राहक न्यायालयात जाऊ द्या, तिथे तुमची बाजू मांडा.

तो नुसता हसला. "निकाल लागेपर्यंत माह्याकडं गाडी कोन आनन, मॅडम?"

गॅरेजची जागा विकून त्याने नवे इंजिन बसवून दिले. पुढे तो अकोल्याला दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये रोजाने कामाला लागल्याचे कळले.

खरे काय घडले ते शोधून काढले, की नुकसान कोणी भरायचे हे आपोआप ठरते, असे मी नोकरीभर मानत आले. त्या दिवशी माझ्या खोलीत आम्ही चौघे होतो आणि खरे काय ते चौघांनाही माहीत होते. ज्याला नाही म्हणणे परवडणारे नव्हते, त्याने भरले.