मामाची इराकची वायरिंग

माझा मामा इराकला निघाला तेव्हा तिथे लढाई चालू होती. ही गोष्ट त्याने आमच्यापासून लपवली नाही, फक्त जरा पातळ करून सांगितली. "ती सरहद्दीवर चाललीय गो, आपण तिकडे नाय," तो आईला म्हणाला. "ह्या इराकवाल्यांनीच शेजारच्या देशात सैन्य घुसवलंय. लवकरच आटपतील, असं एजंट म्हणतो."

एजंटवर आईचा विश्वास नव्हता. पण गिरणीचा संप लांबत चालला होता, आणि मामा त्याच गिरणीत इलेक्ट्रिशियन. हाताला काम नसलं की तो भांडुपच्या आमच्या खोलीत येऊन चांगला चाललेला मिक्सर उघडायचा. त्यामुळे शेवटी आईनेच त्याची बॅग भरली.

मी तेव्हा कॉलेजात होते. मामाची पत्रं मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. सुरुवातीची पत्रं झकास होती. तिथे इंजिनियरिंगचं नवं कॉलेज बांधत होते आणि वायरिंगचं काम मामाच्या टोळीकडे होतं. वर्कशॉपमध्ये प्रत्येक बाकाला वेगळा पॉइंट, प्रत्येक वर्गात सहा पंखे. देखरेखीला तिथलाच एक तरुण इंजिनियर होता, परदेशात शिकून आलेला. कॉलेज सुरू झालं की तो तिथेच शिकवणार होता. मामाने त्याला थोडी मालवणी शिकवली, आणि त्याने एकदा फोरमनला भर साइटवर "गप रव" म्हणून ऐकवलं.

मग पत्रं आखूड होत गेली. दीड वर्षाने, करार संपायच्या आधीच, मामा घरी आला.

पुढच्या रविवारी तो आमच्याकडे बांगडे तळत होता. वासावर शेजारचे काका आले. काका रोज गॅलरीत पेपर वाचायचे आणि वाचून झाला की आपलं सैन्य सरहद्दीपलीकडे पाठवायचे. त्या दिवशीही बसल्या बसल्या म्हणाले, "आपण पण एकदा घुसायला पाहिजे. दणका दिला की पुढची पन्नास वर्षं निवांत."

"घुसणाऱ्यांच्याच घरात होतो मी, काका," मामा म्हणाला. त्याने बांगडा उलटला. "आधी इंजिनियरला सैन्यात बोलावणं आलं. मग जी पोरं त्या कॉलेजात शिकायला येणार होती, त्यांना. मग परदेशातून येणारी केबल बंद. पैसा सगळा तोफांना. एक दिवस ट्रक आला आणि ऑर्डर आली, पंखे काढा, छावणीत पाहिजेत. मीच लावलेले, मीच काढले. वर्कशॉपमध्ये जखमींच्या खाटा टाकल्या."

"लढाईत तेवढं चालायचंच," काका म्हणाले.

"इंजिनियर एकदा रजेवर आला होता. सगळे हॉल फिरला माझ्याबरोबर. मला म्हणाला, मला शिकवायला माझ्या देशाला इतकी वर्षं लागली आणि आता मी खंदक खणतो. खंदक कोणीही खणेल. इथे कोण शिकवणार? मी विचारलं, साहेब, काय मिळालं तरी? म्हणाला, जे घेतलं होतं तेही परत गेलं. आता ते आमच्यावर चालून येतायत."

काकांचा मोठा मुलगा त्या वर्षी पॉलिटेक्निकला होता. मामाने त्याचा विषय काढला नाही. आईने मात्र बांगडा वाढता वाढता सहज विचारलं, "तुमच्याकडचा कसा आहे? अभ्यास करतो ना?" काका हो म्हणाले आणि बराच वेळ काटे काढत बसले. पेपर ते पुढेही वाचत राहिले, आणि सैन्यही पाठवत राहिले, पण मामा असला की आवाज खाली.

मामाला मुलुंडला नव्या बिल्डिंगांची कामं मिळाली. लवकर आटपणारी ती लढाई आठ वर्षं चालली. ती थांबल्याची बातमी आली त्याच आठवड्यात मामाने मला समोर बसवून इंजिनियरला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं आणि कॉलेजच्या पत्त्यावर टाकलं. मला वाटलं, कोण उत्तर देणार.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. इंजिनियर जिवंत होता. कॉलेज उघडलं होतं, पण चारपैकी एकच वर्कशॉप चालू होतं. शिकवणारे उरले नव्हते. त्याच्या वर्गातली मुलं हुशार होती आणि प्रत्येकाला देश सोडून जायचं होतं. सरकारवर एवढं कर्ज झालं होतं की नवी यंत्रं कधी येतील हे कोणी सांगत नव्हतं. सरहद्द, त्याने लिहिलं होतं, जिथे होती तिथेच आहे.

मामाने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, "लिही त्याला. म्हणावं, ती पोरं जाईपर्यंत तरी नीट शिकव." आणि स्वतःच पोस्टात जाऊन परदेशी पाठवायचं पाकीट घेऊन आला.