भवानी पेठेतली जळालेली गाडी

सोलापुरातल्या माझ्या पोलीस नोकरीच्या अखेरच्या काळातले एक प्रकरण अजून मनातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक गाडी जळाली होती, एवढेच. पण त्या प्रकरणात जेवढी माणसे माझ्यासमोर मान खाली घालून बसली, तेवढी मोठमोठ्या गुन्ह्यांतही बसलेली मी पाहिली नाहीत.

भवानी पेठेतल्या एका गल्लीत भर दुपारी एक चारचाकी पेटली. अग्निशमनचा बंब पोहोचेपर्यंत नुसता सांगाडा उरला होता. मालक तिशीतला, भाविकांना अक्कलकोट, गाणगापूरला नेणारा. गाण्यांचा मोठा शौकीन. गाडीची डिकी स्पीकरनी भरलेली. ठाण्यात आला तो ओरडतच.

"साहेब, समोरच्या म्हाताऱ्यानंच पेटवली. अख्ख्या गल्लीसमोर बोलला होता तसं. विचारा कुणालाबी."

समोरचा म्हातारा म्हणजे यंत्रमागावर आयुष्य काढलेला एक तेलुगू भाषक विणकर. त्याची बायको पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. गाडीतले गाणे सुरू झाले की फळीवरची भांडी खडखडत आणि ती दचकून रडू लागे. हात जोडून सांगून झाले, भांडून झाले. शेवटी एकदा रस्त्यात उभा राहून तो म्हणाला होता, "एक दिवस पेटवून टाकतो तुझी गाडी!"

आम्ही अकस्मात जळिताची नोंद केली, पंचनामा केला. मालकाचा लहानपणापासूनचा मित्र सारखा त्याच्यासोबत होता. विजापूर रस्त्यावर त्याचे गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवण्याचे दुकान होते. या गाडीतले कामही त्याचेच. पंचांना पाणी आण, मित्राला धीर दे, अशी त्याची धावपळ चालली होती.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. म्हाताऱ्याला बाटली घेऊन गाडीजवळ जाताना पाहिले, असे फोन करणारा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आमच्या पथकाने म्हाताऱ्याला चौकशीसाठी आणले. गल्ली बघायला जमली होती.

माझ्यासमोर तो खुर्चीच्या कडेला टेकला. नजर जमिनीवर. गुन्हेगार असाच बसतो, असे कोणीही म्हणाले असते. माझा उपनिरीक्षक तसे म्हणालाही.

"गाडी तुम्ही पेटवली?"

"मी केलो नाही साहेब."

"मग वर बघून सांगा."

तो वर बघेना. त्याची सून डबा घेऊन आली, तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. मी सगळ्यांना बाहेर पाठवले आणि चहा मागवला. चहा आल्यावर तो बोलला.

"गाडी जळत होती तेव्हा मी खिडकीतून बघितलो साहेब. बरं वाटलं मला. लई बरं वाटलं. नंतर मनात आलं, पोरगं आत बसलं असतं तर? त्याच्या आईला काय तोंड दाखवणार होतो? मी हात लावलो नाही. पण मला बरं वाटलं की."

एवढे सांगून तो रडला. आरोपी खोटे रडतात, तेही मी ओळखतो. हे तसे नव्हते.

मी ठाणे अंमलदाराला बोलावले आणि निनावी फोन करणाऱ्याने नेमके काय सांगितले ते पुन्हा विचारले. तो म्हणाला, "बॅटरीच्या बाजूनं बॉनेटमध्ये पेट्रोल ओतलं, असं म्हणाला साहेब." मी थबकलो. गल्लीतल्या लोकांनी पाहिली ती पूर्ण पेटलेली गाडी. आग नेमकी कुठून लागली, हे आम्हालाही अजून माहीत नव्हते. पेट्रोल ओतणारा माणूस बंद बॉनेट उघडत बसेल कशाला?

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून सांगाडा पुन्हा तपासला. आग खरोखरच बॅटरीच्या बाजूने सुरू झाली होती. त्यांनी मला समजावले, ते असे. मोठा अॅम्प्लिफायर बसवला की गाण्याच्या ठेक्याबरोबर गाडीचे दिवे मंदावतात. म्हणून चार्जिंगची वायर आणि बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची वायर जाड टाकतात. इथेही टाकली होती, आणि अॅम्प्लिफायरकडे जाणारी तिसरी जाड वायर पत्र्याच्या भोकातून आत नेली होती. भोकाला रबर नव्हते. पत्र्याने वायर सोलली आणि शॉर्टसर्किट झाले. बॅटरीजवळ फ्यूज असता तर तो उडून गेला असता. फ्यूज नव्हताच.

ज्या नंबरवरून फोन आला, तो एका चहावाल्याचा निघाला. त्याची टपरी त्या मित्राच्या दुकानाला लागून होती. "त्यानंच फोन मागून घेतला होता," चहावाला म्हणाला.

मित्राला बोलावले. कालपर्यंत ताठ मानेने वावरणारा तो माणूस पहिल्याच प्रश्नाला कोसळला.

"फ्यूज संपला होता साहेब. म्हटलं, उद्या लावू. मग राहूनच गेलं. गाडी जळाली तवा मला कळलं की काय झालं असंल. पण त्याला कुठल्या तोंडानं सांगू? त्याची रोजीरोटी हाय ती. म्हातारा तसंबी बोललाच होता..."

मालक शेजारी उभा होता. त्याने मित्राच्या कानाखाली मारायला हात उचलला आणि तो तसाच खाली आणला. मग बाहेर जाऊन पायरीवर बसला. थोड्या वेळाने मी गेलो तेव्हा म्हणाला, "साहेब, त्या आजीला त्रास होतो, हे मला म्हाईत होतं."

खोटी खबर दिल्याबद्दल मित्रावर रीतसर कारवाई झाली. म्हाताऱ्याला मी स्वतः पायी घरी सोडले. गल्लीने आणताना पाहिले होते, तिने सोडतानाही पाहावे, म्हणून. मालक रस्त्यात हात जोडून उभा राहिला. म्हातारा थांबला आणि मग घरात गेला. सुनेने दार लावून घेतले. एका खबरीने झालेले नुकसान पोलिसांना पुरते भरून काढता येत नाही, हे त्या बंद दारासमोर मला नीट कळले.

चौकशीत खाली गेलेली मान हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे मी त्यानंतर नव्या अधिकाऱ्यांना सांगत आलो. निर्दोष माणसालाही स्वतःच्या मनातल्या गोष्टीची लाज असते, आणि तो ती चेहऱ्यावर घेऊन ठाण्यात येतो. त्या मित्रालाही लाज होतीच. ती लपवायला त्याला दुसऱ्याचा चेहरा हवा होता.